आमची एसआयपी आणि आमची प्रतिज्ञा

गेल्या महिन्यात एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही काही कार्यकर्ते मोबाईल काढून बसलो. विषय होता प्रत्येकाची एसआयपी. कुणाची पाचशेची, कुणाची तीन हजारांची. पैसे कुठल्या फंडात जातात हे सगळ्यांना ठाऊक होते. तो फंड ते कुठल्या कंपन्यांत घालतो, हे एकालाही सांगता येईना.

म्युच्युअल फंडाला आपली पूर्ण यादी दर महिन्याला जाहीर करावी लागते. ती उघडली. निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात सिगारेटवाली आयटीसी होतीच. दुसऱ्या एकाच्या फंडात दारूची कंपनी निघाली. बावीस प्रतिज्ञा आमच्या घरोघरी भिंतीवर आहेत. दारू पिणार नाही, पण दारूच्या नफ्यात वाटेकरी होऊ, असा त्यांचा अर्थ आम्ही कधी लावला?

यावर एका मित्राने जे सुनावले ते खोटे नाही: "बापजाद्यांनी सावकाराला व्याज भरलं. आपल्या घरात आत्ता कुठे चार पैसे शिल्लक पडतात. आधी कमवू द्या, मग नीती शिकवा." पैसा साठवायलाच हवा. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक खर्चाला, दोन धंद्याला, चौथा अडीअडचणीसाठी. पण त्याच बुद्धांनी उपासकाने न करायचे पाच व्यापारही सांगितले: शस्त्र, प्राणी, मांस, मादक पदार्थ आणि विष. (मांसावरून आपल्यात वाद होईल. होऊ द्या.)

आम्हाला त्याहून जास्त खुपते ते वेगळेच. बाजारात 'जबाबदार गुंतवणूक' म्हणून ईएसजी फंड विकले जातात. पर्यावरण, समाज, कारभार हे त्यांचे निकष. या समाजात जात कुठे आहे? सेबीने मोठ्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर हा अहवाल सक्तीचा केला. त्यात स्त्री कर्मचारी किती, दिव्यांग किती, हे विचारले आहे. अनुसूचित जातीचे किती, हा रकानाच नाही. 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त २०१२ साली आलेल्या अभ्यासात एक हजार बड्या कंपन्यांच्या संचालकांपैकी सुमारे ९३ टक्के उच्च जातींचे निघाले. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. कंपनीचा संडास आणि गटार साफ करणारा मात्र ठेकेदाराचा माणूस, आणि तो बहुधा कोणत्या वस्तीतून येतो हे आपल्याला सांगावे लागत नाही.

आपल्या पाचशे रुपयांनी कंपनी हलणार नाही, हे मान्य. पण एक शेअर थेट आपल्या नावावर असला तरी वार्षिक सभेला बसता येते, मत देता येते, आधी नाव नोंदवून प्रश्न विचारता येतो. अनेक कंपन्यांच्या सभा आता व्हिडिओवर होतात, म्हणजे नांदेडमधूनही बसता येते. फंडातून घेतलेल्या शेअरचे मत मात्र फंड कंपनी देते.

दारूवाल्या फंडाची एसआयपी त्या मित्राने बंद करून दुसरीकडे वळवली. आयटीसीवर आमचे अजून एकमत नाही, कारण निफ्टीचा कुठलाही इंडेक्स फंड घेतला की ती येतेच. दोघांनी एकेका कंपनीचा एक-एक शेअर घेतला आहे आणि सभेसाठी प्रश्न लिहून ठेवला आहे: आपल्या ठेक्यावरच्या सफाई कामगारांत आणि आपल्या संचालकांत अनुसूचित जातीचे किती?