पायरीचा हिशेब



दहावीचा निकाल लागला की परळ-लालबागच्या चाळींतून एकच सल्ला ऐकू येतो : "कॉमर्स घे, कुठेतरी चिकटशील." आम्हीही त्याच वाटेने बी.कॉम. होऊन कारकून झालो. ती वाट वाईट नाही. परंतु आकडेमोड केवळ खातेवहीतच होते असे नाही.

घरातला एलईडी दिवा पाहा. त्याच्या पोटात सेमीकंडक्टरचा इवलासा तुकडा असतो. तांबे व जस्त मिसळून पितळ होते, तसे गॅलियम नायट्राइड व इंडियम नायट्राइड मिसळून हा पदार्थ होतो. त्यातला इलेक्ट्रॉन ऊर्जेची एक पायरी उतरला की प्रकाश पडतो. पायरी उंच तर प्रकाश निळा, ठेंगणी तर तांबडा. नुसत्या गॅलियम नायट्राइडची पायरी ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, इंडियम नायट्राइडची सुमारे ०.७. दोहोंचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. योग्य प्रमाणात मिसळले की निळा, हिरवा उजेड मिळतो. निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल मिळाले.

कोणते प्रमाण घ्यावे? दरवेळी स्फटिक घडवून पाहणे खर्चाचे. म्हणून आधी संगणकावर हिशेब करतात. या हिशेबाचा पाया वॉल्टर कोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४-६५ साली घातला. कोहन व्हिएन्नातील ज्यू कुटुंबातले. नाझींच्या छळामुळे १९३९ साली लहान वयात इंग्लंडला गेले. आईवडील ऑशविट्झच्या छळछावणीत मारले गेले. त्याच मुलाला १९९८ साली नोबेल मिळाले.

हिशेब मात्र ब्रह्मवाक्य नव्हे! साध्या रीतीने केला तर पायरी प्रत्यक्षाहून ठेंगणी निघते. मग रीत सुधारावी लागते, प्रयोगाशी ताडून पाहावे लागते. कुणी सांगितले म्हणून मानू नका, पडताळून पाहा, हा तथागतांचा कालामांना उपदेश इथेही लागू पडतो.

हे सारे परक्या मुलखातलेच नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा देशी संगणक चालू झाला. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम' महासंगणक उभा केला. मिश्रणात अणू वेडेवाकडे विखुरलेले असतात, त्यांच्या हिशेबाला असे मोठे यंत्र लागते. साध्या स्फटिकाचा हिशेब मात्र घरच्या संगणकावरही होतो, आणि त्यासाठीची 'क्वांटम एस्प्रेसो' ही प्रणाली फुकट मिळते. भांडवल लागते ते गणिताचे व चिकाटीचे.

बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले, त्यात विज्ञानालाही स्थान दिले. कामगाराच्या पोराने प्रयोगशाळेत पाऊल ठेवावे, हीच त्यामागची तळमळ. एम.एस्सी.नंतर संशोधनासाठी नेटची, बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. तिची माहिती घराघरांत पोहोचवणे हे आपले काम.

तेव्हा मायबापांनो, मुलीला वा मुलाला गणिताची गोडी असेल, तर केवळ भीतीपोटी विज्ञानापासून वळवू नका. आणि कार्यकर्त्यांनो, रविवारी वंदनेनंतर विहारात तासभर गणिताचा वर्ग घ्या. जयंतीच्या रोषणाईचे दिवे आपण विकत आणतो. ते घडवणाऱ्यांतही आपली लेकरे दिसली पाहिजेत.