पोटातला गोळा आणि कुंडलिनी

योगदिनानिमित्त शाळेच्या सभागृहात एक तक्ता टांगला होता. मांडी घालून बसलेला माणूस आणि त्याच्या कण्यावर एकावर एक सात रंगांची सात कमळे. तो पाहून नववीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, आपल्या पुस्तकातल्या शरीराच्या आकृतीत ही चक्रे का दाखवत नाहीत?" तास संपत आला होता. "चक्रे म्हणजेच आपल्या अंतःस्रावी ग्रंथी," असे सांगून मी मोकळा झालो. ते उत्तर चुकीचे होते. ते दुरुस्त करावे, म्हणून हा लेख.

प्रथम मूळ कल्पना पाहू. हठयोगाच्या आणि तंत्राच्या ग्रंथांनुसार कण्याच्या तळाशी कुंडलिनी नावाची शक्ती साडेतीन वेटोळी घालून नागिणीसारखी निजलेली असते. प्राणायामाने व ध्यानाने ती जागी होते, सुषुम्ना नाडीतून वर चढते, वाटेतील सहा चक्रे भेदते आणि टाळूपाशी सहस्रारात पोचते. इ. स. १२९० मधील ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे मोठे रसाळ वर्णन आहे. देव न मानणाऱ्या वाचकानेही ते अवश्य वाचावे.

आता ही चक्रे ग्रंथी का नव्हेत? मूलाधारापासून आज्ञाचक्रापर्यंत कमळांच्या पाकळ्या अनुक्रमे ४, ६, १०, १२, १६ आणि २. बेरीज करा : ५०. या प्रत्येक पाकळीवर संस्कृत वर्णमालेतील एकेक अक्षर असते. म्हणजे ध्यानाच्या सोयीसाठी शरीरावर वर्णमाला मांडलेली आहे. शिवाय चक्रांची संख्या सर्व ग्रंथांत सारखी नाही. सिद्धसिद्धान्तपद्धतीत ती नऊ आहेत. पुस्तक बदलले म्हणून थायरॉइड ग्रंथी काही नाहीशी होत नाही! तक्त्यावरचे रंगही जुने नव्हेत. षट्चक्रनिरूपण या सोळाव्या शतकातील ग्रंथात मणिपूर चक्राच्या पाकळ्या पावसाळी ढगासारख्या काळसर आहेत, तक्त्यावर ते चक्र पिवळे. इंद्रधनुष्याचा हा क्रम विसाव्या शतकात पाश्चात्त्य लेखकांनी बसवला.

शरीरात चक्रे शोधण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले. इ. स. १८५५ च्या सुमारास स्वामी दयानंद सरस्वतींनी गंगेतून वाहत आलेले एक प्रेत काठावर ओढले, सुरीने कापले आणि आतील अवयव ग्रंथांतील वर्णनाशी ताडून पाहिले. काहीच जुळेना, तेव्हा त्यांनी ते ग्रंथ फाडून प्रेताबरोबर नदीत सोडले. मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी १९२७ साली याच्या उलट वाट धरली. कुंडलिनी म्हणजे मेंदूपासून हृदय व पोट यांपर्यंत जाणारा व्हेगस मज्जातंतू, असे त्यांनी मांडले. त्यांच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिणारे सर जॉन वुड्रॉफ यांनाच ते पटले नव्हते.

माझे मत असे, की दोघांचाही प्रश्न एकच होता आणि तो थोडा चुकला. परीक्षेच्या दिवशी आपल्या पोटात गोळा येतो. विच्छेदन केले तर तो गोळा सापडणार नाही. पण म्हणून भीती खोटी ठरत नाही. कण्यातून ऊब सरकल्याची एखाद्या साधकाची जाणीवही तशीच खरी असू शकते. ती कशामुळे झाली, हा मात्र वेगळा प्रश्न, आणि त्याचे उत्तर मोजमापानेच मिळेल.

असे मोजमाप झालेले आहे. लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रियांवर क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रयोग केले. १९६१ साली वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी, हृदय थांबवतो असे म्हणणाऱ्या योग्यांची तपासणी प्रसिद्ध केली. मनगटाचे ठोके हाताला लागेनासे झाले, पण विद्युत्‌-आलेखात हृदय चालूच होते. छातीच्या स्नायूंचा दाब वाढवून त्यांनी रक्ताचा प्रवाह रोखला होता. दावा टिकला नाही; शरीरावरील ताबा मात्र दिसला.

तुम्हीही एक प्रयोग करा. स्वस्थ बसा, मनगटाच्या नाडीवर बोटे ठेवा आणि सावकाश श्वसन करा. श्वास घेताना ठोके किंचित जलद आणि सोडताना मंद होतात. हे मुख्यतः व्हेगसचेच काम! श्वास मात्र रोखून धरू नका. पुस्तकात वाचून तसले प्रयोग करणे धोक्याचे.

श्वासाला धरून शरीर शांत करता येते, हे ज्यांच्या ध्यानात आले, त्यांचे निरीक्षण उत्तमच होते. त्याचे श्रेय त्यांना देऊ या. त्यांनी न सांगितलेल्या ग्रंथी त्यांच्या नावावर कशाला चढवायच्या? त्या मुलीला मी आता एवढेच सांगितले : "चक्रे ध्यानाच्या नकाशात आहेत, शरीराच्या नव्हे. दोन्ही नकाशे वाच, पण एकावर दुसरा चिकटवू नकोस."