म्हाताऱ्या मोटारीची नोंदणी

एमजी टीसी ही १९४५ ते १९४९ मधली दोन आसनी स्पोर्ट्स कार. पत्र्याखाली ॲश लाकडाचा सांगाडा. म्हणजे मिस्त्रीआधी सुतार गाठायचा! इंजिनाच्या बोल्टांचे आटे मेट्रिक, माथी मात्र व्हिटवर्थ मापाची. असली गाडी खपून उभी करणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राचा नियम आला. पन्नाशी उलटलेल्या गाडीला ‘व्हीए’ क्रमांक, दहा वर्षांसाठी. गाडी काढायची ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन नि देखभालीपुरतीच. पोरांना घेऊन लोणावळा? विसरा. शिवाय चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. मग कुजलेले लाकूड बदलणे हा फेरफार की डागडुजी? ते राज्याच्या समितीने पाहून ठरवायचे. आमच्या मते डागडुजीच. त्या समितीत निदान एखादा सुतार असावा.