विम्याच्या फॉर्मवरचे ‘नाही’



दर १४ जानेवारीला पानिपतच्या काला अंबला आम्ही मराठी रेल्वे कामगार १७६१ च्या वीरांना मुजरा करतो, आणि आपल्या मागे घर कसे चालेल त्या कागदावर डोळे मिटून सही करतो!

आमच्या एका ट्रॅकमन साथीला साखर होती, तंबाखूही होता. एजंटाने इंग्रजी फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहिले. दुसऱ्याच वर्षी साथी गेला. कंपनीने रेल्वे दवाखान्याचे कागद काढून दावा फेटाळला. हप्ते घेताना डोळेझाक, पैसे देताना दुर्बीण!

विमा कायद्याचे कलम ४५, २०१५ च्या दुरुस्तीनंतर, तीन वर्षांनी पॉलिसीवर कोणत्याही कारणाने बोट ठेवू देत नाही. बंद पॉलिसी पुन्हा चालू केली की ही मुदत नव्याने सुरू होते. मुदतीच्या आत कंपनीने फसवणुकीचा आरोप केला, तर तो खोडायचा विधवेने! एजंट कंपनीचाच माणूस, असे हेच कलम म्हणते. तरी ‘मी नुसती सही केली’ ही सबब सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मानली नाही. मात्र मणक्याचे दुखणे सांगितले नाही म्हणून हृदयविकाराने गेलेल्याचा दावा नाकारता येत नाही, असे २०१५ मध्ये याच न्यायालयाने ठरवले.

कंपन्यांनी फॉर्म कामगाराच्या भाषेत वाचून दाखवावा, तपासणी आधी करावी. आणि साथींनो, साखर, बी.पी., बिडी सगळे लिहा. हप्ता वाढला तर वाढू द्या.

त्या भगिनीचा अर्ज आम्ही विमा लोकपालाकडे धाडला आहे. तिथे वकील लागत नाही, फीही नाही. नकारापासून एका वर्षाच्या आत मात्र जावे लागते.