अंबड, पण कुठलं?

मध्यंतरी पुस्तकं मागवली होती. आठवडा झाला तरी पार्सलचा पत्ता नाही. चौकशी केली तर ते जालना जिल्ह्यातल्या अंबडला जाऊन बसलेलं! पिनकोड बरोबर होता हो, पण गावाचं नाव दिसल्यावर तो कोण बघतो...

त्या अंबडला मत्स्योदरी देवी आहे, अंबरीष राजाची कथा आहे. आमच्या नाशिकच्या अंबडला काय? एमआयडीसी. वडाळा, पिंपळगाव म्हटलं की झाड दिसतं, तसा अंबड म्हटलं की मला आंबा दिसतो. पण रिक्षावाल्याला सांगायचं ते गरवारे पॉइंट नाहीतर एक्स्लो पॉइंट. शेजारच्या वस्तीला तर १९७० साली निघालेल्या महामंडळाचंच नाव चिकटलंय. 'सिडकोत राहतो' म्हणताना आपण एका ऑफिसचं नाव सांगतोय, हे कुणाच्या मनातही येत नाही. शिवारातली नावं प्लॉट नंबरांत गेली ती गेलीच.

डोंगराचं मात्र तसं झालं नाही. मुंबई-आग्रा रस्त्याकडे पाहिलं की दिसतो तो पांडवलेण्यांचा डोंगर. पांडवांचा इथे काही संबंध नाही, ही २४ बौद्ध लेणी. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. गोवर्धनात, त्रिरश्मी पर्वतात हे 'लेण' करविलं, असं त्यात म्हटलंय. लेण! आपण आजही तोच शब्द बोलतो. आणि गोवर्धन गाव गंगापूर रस्त्याला अजून आहे. तिथल्या विणकरांच्या श्रेणीकडे उषवदाताने २००० कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजाने, भिक्षूंच्या चीवरांसाठी. म्हणजे कारागिरांची वस्ती आणि पैशाचा हिशोब इथे एमआयडीसीच्या फार आधीपासून आहे!

आता काहीजण म्हणतात, 'पांडवलेणी' म्हणणं बंद करा, त्रिरश्मीच म्हणा. मला हे पटत नाही. त्रिरश्मी हे नाव पोरांना शाळेत शिकवलंच पाहिजे, पाटीवर ठळक लिहिलंच पाहिजे. पण पांडवलेणी हेही लोकांनीच ठेवलेलं नाव, ते का पुसायचं? आधीच पुसलेली नावं काय कमी आहेत?

असो. हल्ली मी पत्त्यात 'त्रिरश्मी डोंगराजवळ' असं लिहितो. परवा कुरियरवाल्या पोराचा फोन आला, "काका, म्हणजे पांडवलेणीच ना?"

पार्सल वेळेवर आलं.