शाळेतले विज्ञान आणि आपला ऊस



ऊस विकास विभागाने या अंकात आडसालीच्या बेण्याविषयी लिहावे, फार तर हुमणीविषयी लिहावे, अशी आपली अपेक्षा असणार आणि ती रास्तच आहे. पण या खेपेस आम्ही थोडी वाट सोडून हायस्कुलातल्या विज्ञान विषयासंबंधी लिहीत आहोत. "ऊसवाल्यांचा नि शाळेचा काय संबंध?" असे कोणी विचारील. संबंध असा की, आम्ही बांधावर उभे राहून जे सांगतो ते ऐकणारा माणूस आधी दहा वर्षे शाळेत बसून आलेला असतो. ऐकायची सवय त्याला तिथेच लागलेली असते. सर सांगतील ते उतरवून घ्यायचे एवढेच तो तिथे शिकला असेल, तर पुढे तो खतवाला सांगेल ते शेतात टाकतो. आम्ही सांगितले तर आमचेही तसेच ऐकतो, आणि त्यात आम्हाला काही फार समाधान वाटत नाही.

एक साधी गोष्ट घ्या. आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे. म्हणजे एकरी 160 किलो. युरियात नत्र शेकडा 46. सगळे नत्र युरियातूनच द्यायचे म्हटले तर 45 किलोच्या गोण्या किती? उत्तर पावणेआठच्या आसपास येते, आणि तेही चार हप्त्यांत विभागून. दहावी पास झालेल्या पोराला हे गणित दोन मिनिटांत यायला हवे. येतेही, पण परीक्षेत. शेतात तेच पोरगं "शेजाऱ्यानं बारा टाकल्या, आपण चौदा टाकू" म्हणते. गणित आणि युरिया यांची त्याच्या डोक्यात कधी गाठच पडलेली नाही.

आता शाळेतली प्रयोगवही उघडून बघा. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. अक्षर सुरेख, आकृती पेन्सिलीने काढलेली. पुष्कळ ठिकाणी निरीक्षण आणि अनुमान दोन्ही फळ्यावरून उतरवलेले असते. प्रयोग व्हायच्या आधीच उत्तर लिहून झालेले! मग प्रयोग करायचा कशापायी? दहावीला विज्ञानाचे दोन भाग मिळून 80 गुण लेखी आणि 20 गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. हे 20 गुण म्हणजे बहुतेकांच्या लेखी दिवाळीचा बोनस झाला आहे. मुलाला ते मिळतात, पालकाला बरे वाटते, शाळेचा निकाल वर जातो, आणि काचेच्या कपाटातल्या परीक्षानळ्यांवर धूळ साचत राहते.

याला दुसरी रीत आहे. आधी प्रश्न, मग प्रयोग, मग मुलांनी स्वतः मोजून मांडलेले उत्तर, आणि त्यावर वर्गात वादावादी. शिक्षणखात्याच्या कागदांत तिला ज्ञानरचनावाद वगैरे भारदस्त नावे आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तिचा पुरस्कार आहे. नावाचे सोडा. आमच्या पाहण्यात आलेले एक उदाहरण सांगतो.

आमच्या भागातल्या एका हायस्कुलात विज्ञानाच्या बाईंनी मुलांना आपापल्या रानातली मूठभर माती आणायला सांगितली. डाळज परिसरातली रानं आपल्याला ठाऊक आहेत. 1980 साली उजनी धरण पूर्ण झाले, फुगवटा आला, पाइपलाइनी झाल्या, ऊस वाढला आणि त्यामागोमाग काही खोलगट रानांत पांढरे फूलही दिसू लागले. बाईंनी प्रत्येक गटाला काचेच्या ग्लासात चमचाभर माती पाण्यात ढवळून रात्रभर ठेवायला सांगितली. सकाळी काही ग्लासांत माती तळाशी बसून वर नितळ पाणी, तर काहींत पाणी चहासारखे गढूळच. गढूळ ग्लासात जिप्समची चिमूट टाकून ढवळले, आणि तास-दोन तासांत तेही निवळले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

एवढ्यावर थांबले असते तर ती जादू झाली असती. पण एका पोराच्या रानातली माती चोपण असल्याचे सगळ्यांना ठाऊक, आणि त्याचा ग्लास मात्र जिप्सम न टाकताच निवळलेला. बाकीचे म्हणाले, "यानं गुपचूप टाकलं." पोरगं शपथा घेऊ लागलं. इथे बाईंना "तुझा प्रयोग चुकला, दुसऱ्याचं बघून लिही" असे म्हणून पुढे जाता आले असते. त्यांनी विचारले, "पाणी कुठलं घेतलंस?" बाकीच्यांनी शाळेच्या पत्र्यावरून धरलेले पावसाचे पाणी घेतले होते, यानं घरच्या बोअरचे आणले होते. दुसऱ्या दिवशी एकाच मातीचे दोन ग्लास ठेवले, एकात पावसाचे पाणी, एकात बोअरचे. पावसाच्या पाण्यात माती तरंगत राहिली, बोअरच्या पाण्यात बसली. म्हणजे बोअरच्या पाण्यातच इतके क्षार की त्यांनीच माती खाली ओढली. त्या मुलाने घरी जाऊन वडिलांना काय सांगितले असेल ते सांगायला नको. पंधरवड्यातच ते पाण्याची बाटली भरून तपासणीसाठी गट ऑफिसात हजर झाले.

त्यानंतर बाईंनी रासायनिक अभिक्रियांचा धडा शिकवला. चोपण मातीच्या कणांना सोडियम चिकटलेले असते, त्यामुळे कण एकमेकांपासून सुटून पाण्यात तरंगतात. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि कण जुळून खाली बसतात. सुटलेले सोडियम पाण्यात उतरते. आता ते पाणी रानाबाहेर गेलेच नाही तर? चर नसेल तर? हा प्रश्न मुलांनीच विचारला, असे बाई सांगतात. आमच्या सभासदांपैकी कित्येकांनी चर न काढता गाडी-गाडी जिप्सम ओतले आहे. कित्येकांची जमीन नुसती क्षारयुक्त आहे, चोपण नाही, तरी त्यांनीही ओतले आहे. दोन्हींतला फरक त्या ग्लासात दिसतो, पण आम्ही मेळाव्यात माइकवरून सांगितला तो कानावरून गेला.

हा शोध आपल्या मुलुखाला नवा आहे असेही नाही. नीरेच्या कालव्याखाली बारामतीकडची रानं खारवू लागली तेव्हा पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींचा अभ्यास करून 1910 साली तो छापला. पाण्याने सोने पिकते असा लोकांचा समज असताना हे दोघे माती तपासत होते. शंभरावर वर्षे झाली, आणि तोच प्रश्न अजून आपल्या बांधावर आहे.

शाळांतल्या प्रयत्नांचेही तसेच. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली 16 शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. किशोर भारती आणि रसुलियाचे मित्र मंडळ या संस्थांनी ते काम उचलले, पुढे एकलव्य संस्थेने चालवले. स्वस्त साहित्याची पेटी, शिक्षकांची वारंवार शिबिरे आणि पुस्तक उघडे ठेवून परीक्षा, अशी त्याची घडण होती. तीस वर्षे सरकारी शाळांत चाललेला हा कार्यक्रम 2002 साली सरकारने बंद केला. आपल्याकडे मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 साली निघाले. त्याने जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरात काम केले. व्ही. जी. कुलकर्णी यांनी तेव्हाच दाखवून दिले की, खेड्यातला मुलगा पुष्कळदा विज्ञानाला नव्हे, तर पुस्तकाच्या भाषेला अडखळतो. आम्हाला हे मनोमन पटते. आमची मुले "चोपण" म्हणतात आणि पुस्तक "आम्लारी" म्हणते. दोन्हींची ओळख करून देणारे कोणी नसेल तर मुलगा "चोपण" घरी ठेवतो आणि "आम्लारी" परीक्षेपुरते पाठ करतो.

आणि आपल्या पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यात, पाबळ आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी कंपनीतली मोठी नोकरी सोडून 1983 साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी हायस्कुलांसाठी बसवलेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात: वेल्डिंग, सुतारकाम, माती तपासणे, हिमोग्लोबिन तपासणे. काही कामे गावासाठी करून त्याचे पैसेही घेतात. काम चुकले तर गिऱ्हाईक बोलते. यापेक्षा कडक परीक्षक कोणता असणार? बारामतीतही 2022 साली मुलांसाठी मोठे विज्ञान केंद्र उभे राहिले आहे. शाळांच्या सहली तिकडे जातात, जाव्यातच. पण सहल वर्षातून एक दिवसाची, आणि रान रोजचे.

आता दुसरी बाजू. शिक्षक म्हणतात, वर्गात साठ मुले, तासिका पस्तीस मिनिटांची, अभ्यासक्रम संपवायचा, शिवाय निवडणुकीचे नि सर्वेक्षणाचे काम आमच्याच मागे. हे खोटे नाही. शिक्षकाला दोष देऊन मोकळे होणाऱ्यांपैकी आम्ही नाही. शिवाय नुसते "शोधा, बाळांनो" म्हणून मुलांना मोकळे सोडले तर ती काही शिकत नाहीत, हेही खरे आहे आणि परदेशातल्या अभ्यासकांनीही ते बजावले आहे. त्या ग्लासाकडे जन्मभर बघत बसले तरी मुलाला सोडियम दिसणार नाही, तो बाईंनीच सांगावा लागतो. आमचे म्हणणे इतकेच की, सांगणे प्रश्न पडल्यानंतर यावे. वर्षाला चाळीस प्रयोग नकोत, चार पुरेत, पण खरे. आणि चार खऱ्या प्रयोगांनी अभ्यासक्रम बुडत नाही. उलट अभिक्रियांचा तो धडा बाईंना पुन्हा शिकवावा लागला नाही.

पालकही बोलतात. "पोराला शेतात राबवायला शाळेत घातलं नाही. त्याला नोकरी लागू दे." आम्ही या बोलण्याचा राग मानत नाही, कारण आमच्याही घरात ते चालते. पण नोकरी लागो की रान करो, त्याला पुढे कोणीतरी काहीतरी सांगणारच आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने 2024 पासून उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करून दाखवला. रानात संवेदक, वर उपग्रह, आणि पाणी कधी द्यायचे त्याचा निरोप मोबाइलवर. चांगली गोष्ट आहे. पण निरोप आला आणि रान ओले दिसले, तर कोणावर विश्वास ठेवायचा? फावड्याने वीतभर उकरून मूठ वळून बघणारा मुलगा त्या यंत्राचा चांगला उपयोग करील. न बघणारा उद्या दुसऱ्या कोणाच्या निरोपावरही तसाच पाणी सोडील.

आपल्यापैकी पुष्कळ सभासद शाळा समित्यांवर आहेत. सभेत आपण निकाल किती टक्के लागला ते विचारतो, खोल्यांचे बांधकाम विचारतो. पुढच्या सभेत एवढे विचारावे की प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे असते आणि गेल्या महिन्यात ती कितीदा लागली. आणि ज्या शिक्षकाने वर्ग रानात नेला त्याला "पोरं हुंदडायला नेता काय?" असे कोणी म्हणू नये. तो रान आपलेच असू द्यावे.

आमच्या विभागाकडून काय होईल ते सांगतो. पाचट काढलेल्या उभ्या उसात शेंड्याकडची नि बुडख्याकडची गोडी वेगवेगळी का भरते, हे हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने मुलांना मोजता येते. हंगाम सुरू होण्यापूर्वी ज्या हायस्कुलाला हवा असेल त्याला तो आठवडाभर वापरायला देऊ, सोबत आमचा माणूस येईल. वळवाच्या पावसानंतर लिंब-बाभळीवर येणारे हुमणीचे भुंगेरे मोजायचे असतील तर प्रकाश सापळा देऊ. टिपऱ्यावरचा कुठला डोळा आधी फुटतो, शेंड्याकडचा की बुडख्याकडचा, हा प्रयोग तर दोन ट्रेमध्ये होतो. त्याचे उत्तर आम्ही इथे छापत नाही, आणि सभासदांनीही पोरांना आधी सांगू नये. रोज किती फुटले ते त्यांना लिहू द्या.

ज्या शाळांना यात भाग घ्यायचा असेल त्यांच्या मुख्याध्यापकांनी किंवा शाळा समितीवरच्या सभासदांनी गट ऑफिसात नाव द्यावे, अगर चिटबॉयकडे चिठ्ठी द्यावी. मातीच्या प्रयोगाला लागणारे जिप्सम आम्ही देऊ, ते ओंजळभर पुरते. पावसाचे पाणी मात्र मुलांनी जूनमध्येच बाटल्यांत धरून ठेवावे, आणि कोणी बोअरचे आणले तर त्याला रागावू नये.