रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत : वैद्यकीय शिक्षणातील एक भाषांतरप्रश्न

वैद्यकाचे पदवी-शिक्षण कोणत्या भाषेतून द्यावे, हा वाद आपल्याकडे अधूनमधून डोके वर काढतो आणि काही काळ गाजून पुन्हा शांत होतो. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळ येथे एम.बी.बी.एस.च्या प्रथम वर्षाच्या शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र या तीन विषयांची हिंदी पाठ्यपुस्तके प्रसिद्ध झाली, तेव्हाही असेच घडले. एका पक्षाने मातृभाषेचा जयजयकार केला. दुसऱ्या पक्षाने विज्ञानाच्या जागतिक स्वरूपाची आठवण करून दिली. मात्र वैद्यकशिक्षणातील भाषेचा प्रश्न म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या भाषेचा प्रश्न, हे दोन्ही पक्षांनी गृहीत धरले होते. प्रस्तुत लेखकाला हे गृहीतकच मान्य नाही. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला सर्वांत अवघड भाषा भेटते ती रुग्णाच्या खाटेशी, आणि ती शिकविण्याची गंभीर व्यवस्था आपण आजवर केलेली नाही.

माध्यमाच्या प्रश्नाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. मुंबईत १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते इंग्रजीतून. पुढे १८६१ मध्ये तेथेच मराठी व गुजराती वर्ग उघडण्यात आले, आणि १८७८ साली पुण्यात स्वतंत्र वैद्यकीय शाळा निघाली. पण या देशी भाषांच्या वर्गांतून बाहेर पडणाऱ्यांचे स्थान दुय्यम राहिले. इंग्रजीतून शिकलेला तो पदवीधर आणि मराठीतून शिकलेला तो साहाय्यक, अशी उतरंड तेव्हाच रचली गेली. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचा जो प्रयोग केला, त्यात वैद्यकाचाही समावेश होता. १९४८ नंतर तो मावळला. हे प्रयोग उपेक्षणीय नाहीत. तथापि त्यांचे लक्ष ग्रंथ आणि परिभाषा यांवर केंद्रित होते. शिक्षकाने विद्यार्थ्याशी कोणत्या भाषेत बोलावे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. रुग्ण वैद्याशी काय बोलतो, याचा विचार त्यात क्वचितच होता.

आजच्या परिस्थितीत हा विचार टाळता येणार नाही. १९८६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील पंधरा टक्के जागा अखिल भारतीय पातळीवर भरल्या जातात. त्यामुळे सांगलीचा किंवा अकोल्याचा विद्यार्थी पंजाबात, आणि पतियाळाचा विद्यार्थी नागपुरात शिकावयास जाणे ही आता नित्याची गोष्ट आहे. मोहालीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. चंडीगढला लागून असलेल्या या शहरात डॉ. बी. आर. आंबेडकर यांच्या नावाची शासकीय वैद्यकीय संस्था २०२१ मध्ये शंभर जागांनिशी उभी राहिली. त्याच वर्षी वैद्यकाच्या राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेची प्रश्नपत्रिका प्रथमच पंजाबीतही उपलब्ध झाली. मराठीत ती २०१७ पासून होती. म्हणजे एखादा मराठी विद्यार्थी प्रवेशपरीक्षा मराठीतून देऊ शकतो, मोहालीत व्याख्याने इंग्रजीतून ऐकतो, आणि रुग्णालयात त्याच्यासमोर येतो तो पुआधी वळणाची पंजाबी बोलणारा शेतकरी. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यापुढील एक वर्षाची आंतरवासिता या तीन भाषांच्या मध्ये उभे राहून पार पाडावयाची असते.

आता रुग्णालयातील एका साध्या कागदाकडे पाहू. रोगवृत्तांत लिहिताना पहिली नोंद मुख्य तक्रारीची करावी आणि ती रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत करावी, असा वैद्यकशास्त्राचा जुना दंडक आहे. प्रत्येक विद्यार्थी तो पाठ करतो. प्रत्यक्षात मात्र ही नोंद इंग्रजीत होते. रुग्ण पंजाबीत किंवा मराठीत बोललेला असतो. कागदावर ‘रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत’ म्हणून जे उतरते ते विद्यार्थ्याने केलेले भाषांतर असते, आणि मूळ संहिता कोठेच जतन केलेली नसते. अध्यापक पुढे जी चर्चा करतात, ज्या तपासण्या सांगतात, ज्या निदानाकडे वळतात, ते सर्व या भाषांतराच्या आधारे. साहित्याच्या अभ्यासकांना याचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. मूळ नष्ट झालेल्या भाषांतराची चूक दाखविणार कोण?

चूक कशी होते, हे दोन-तीन उदाहरणांवरून ध्यानात येईल. ‘दिल कच्चा हुंदा है’ असे पंजाबी रुग्ण म्हणतो तेव्हा त्याला मळमळत असते. ‘दिल’ हा शब्द ऐकून नवखा विद्यार्थी हृदयाकडे धावला, तर दोष त्याच्या वैद्यकाचा नसतो. ‘दिल घिरदा है’ ही तक्रार याहून गुंतागुंतीची आहे. इंग्लंडमधील बेडफर्ड येथील पंजाबी समाजात या तक्रारीचा अभ्यास करून इंगा-ब्रिट क्राउजे यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले, की तिच्यात छातीतील संवेदना, शरीरातील उष्णता, थकवा, चिंता आणि अब्रूची भीती यांची एकत्र वीण असते. केवळ हृदयविकार असे तिचे भाषांतर केले तर माणूस हरवतो. केवळ मनोविकार असे केले तर कदाचित हृदयविकारच निसटतो.

उलट दिशेनेही हेच. नागपुरात शिकणाऱ्या पंजाबी विद्यार्थ्याने मराठी ‘अंगावर’ या शब्दाचे काय करावे? मूल अंगावर पिते, अंगावर पांढरे जाते, आणि दुखणे अंगावर काढले जाते. पहिल्यात स्तनपान आहे, दुसऱ्यात स्त्रीरोग आहे, आणि तिसऱ्यात उपचाराविना सोसण्याची एक संपूर्ण समाजरीत आहे. वेदनेचे प्रकार सांगताना मराठी माणूस कळ, ठणका, सणक, चमक, रग, आग असे शब्द नेमकेपणाने वापरतो. पंजाबी माणसाजवळ पीड़, चीस, साड़ आहेत. यांतील प्रत्येक शब्दात निदानाला उपयोगी पडणारी माहिती साठविलेली आहे. कागदावर त्या सर्वांचे एकच ‘पेन’ होते.

न ऐकण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे गडचिरोलीने दाखविले आहे. राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. या मौनाची कारणे अनेक आहेत. दारिद्र्य, लज्जा, अंतर ही त्यांत आहेतच. परंतु या दुखण्यांविषयी बोलण्याची बायकांची भाषा आणि दवाखान्याची भाषा यांत संपर्क नव्हता, हेही एक कारण मानावे लागेल. राणी बंग यांनी पुढे ‘कानोसा’ या पुस्तकात ग्रामीण स्त्रियांचे हे बोलणे नोंदविले. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आणि भाषेच्या अभ्यासकाने ते शेजारी बसून वाचावे, अशा योग्यतेचे ते काम आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, की विद्यार्थी सहा महिन्यांत स्थानिक भाषा आपोआप शिकतात. शिवाय परिचारिका असते, नातेवाईक असतात. आक्षेपात तथ्य आहे, पण थोडे. आपोआप शिकली जाते ती आज्ञा आणि प्रश्न यांची भाषा. ‘कित्थे दुखदा है?’ हे विचारता येऊ लागते. उत्तरादाखल रुग्ण जी लांब, वळणे घेणारी हकीकत सांगतो तिच्यातील निम्मा भाग समजत नाही, आणि न समजलेला भाग अनावश्यक समजण्याची सवय जडते. ही सवय पुढे स्वतःच्या भाषेतील रुग्णाशीही सुटत नाही. नातेवाइकाच्या मध्यस्थीविषयी तर बोलावयासच नको. सासूच्या तोंडून सुनेची तक्रार ऐकणारा वैद्य कोणाची तक्रार ऐकत असतो?

शासनाला या प्रश्नाची जाणीव नाही, असे म्हणता येणार नाही. २०१९ मध्ये नवा अभ्यासक्रम आला, त्यात आरंभीच्या १७५ तासांच्या पायाभूत शिक्षणात भाषा आणि संगणक या दोहोंसाठी मिळून ४० तास ठेवले होते. हेतू चांगला, परंतु वेळ चुकीची. ज्याने अद्याप एकही रुग्ण पाहिलेला नाही त्याला रुग्णाची भाषा शिकविणे म्हणजे पाणी न दाखविता पोहणे शिकविणे होय. भाषेचे शिक्षण विद्यार्थी रुग्णकक्षात जाऊ लागतो तेव्हा सुरू व्हावे आणि शेवटपर्यंत चालावे. रोगवृत्तांताची पहिली ओळ रुग्णाच्या भाषेत, हवे तर त्याच्या लिपीत, लिहिली जावी आणि तिच्याखाली भाषांतर यावे. परीक्षकाने त्या दोन ओळींतील अंतराविषयी प्रश्न विचारावेत आणि त्यांना गुण असावेत. जे परीक्षेत नाही ते शिकले जात नाही, हे कोणत्याही शाखेच्या अध्यापकाला ठाऊक असते.

हे काम वैद्यकीय महाविद्यालये एकट्याने करू शकणार नाहीत, आणि येथे आपला, म्हणजे भारतीय भाषांच्या विभागांचा, संबंध येतो. मोल्सवर्थच्या १८३१ व १८५७ च्या कोशांत दुखण्यांचे शेकडो मराठी शब्द नोंदलेले आहेत. त्यांतील कोणते आज कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या अर्थाने जिवंत आहेत, याची पद्धतशीर पाहणी आपण केली आहे काय? नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि फरीदकोटचे बाबा फरीद विद्यापीठ ही दोन्ही १९९८ साली स्थापन झाली. दोन्ही राज्ये, महाराष्ट्र १९६० मध्ये आणि पंजाब १९६६ मध्ये, भाषेच्या तत्त्वावर आजच्या रूपात आली. तरीही पंजाबी-मराठी असा रुग्णभाषेचा एखादा लहानसा कोश मोहालीच्या वसतिगृहात उतरणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या हाती आपण ठेवू शकत नाही. नामदेवांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत याचा अभिमान आपण परिसंवादांतून वारंवार व्यक्त करतो. त्या अभिमानाला आजच्या व्यवहारात काही अर्थ असेल, तर अशा कोशाचे काम दोन्ही भाषांच्या अभ्यासकांनी एकत्र बसून हाती घ्यावे. शब्द गोळा करण्यास रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग पुरेसा आहे, आणि त्यांची पारख करण्याची विद्या आपल्याजवळ आहे.